गॅस संपत नसतो

एप्रिल लागला की गाडी माझ्या दारात थांबते, काच खाली होते आणि आतून एकच वाक्य येतं, "मिस्त्री, गॅस तेवढा भरून द्या." एसीला काय झालंय ते बघा, असं म्हणणारा महिन्यातून एखादा. बाकी सगळे रोग आणि औषध दोन्ही घरूनच ठरवून आलेले असतात. पुणे-सोलापूर महामार्गाला लागून टेंभुर्णीजवळ माझं गॅरेज आहे. २००४ पासून मी इथे फक्त गाड्यांचे एसी बघतो. इतक्या वर्षांनी या एका वाक्याविरुद्ध जाहीर लिहावंसं वाटतंय. या वाक्यापायी शेतकऱ्याचे, टेम्पोवाल्याचे कष्टाचे पैसे जातात, चांगले सुटे भाग भंगारात निघतात आणि बंद नळ्यांत राहायला हवा तो गॅस हवेत जातो.

गेल्या मे महिन्यातली एक गाडी सांगतो. सांगोल्याकडचे एक डाळिंब बागायतदार आपली डबल केबिन पिकअप घेऊन आले. २०१२ चं मॉडेल, पावणेतीन लाख किलोमीटर झालेली. दुपारचे तीन वाजले होते, बाहेर ४२ अंश. मालकांनी सांगितलं ते असं : दोन उन्हाळ्यांत चारदा गॅस भरला, दर वेळी दोन हजारांच्या आसपास गेले. मधे कुणीतरी एक्स्पान्शन व्हॉल्व्ह आणि ड्रायर बदलला. शेवटच्या गॅरेजात कॉम्प्रेसर गेला म्हणाले आणि चौदा हजारांचा अंदाज दिला. एवढे पैसे आत्ता नाहीत, बहार धरलेला आहे, म्हणून एकदा शेवटचा गॅस भरून बघू.

मालक बोलत होते तेव्हा त्यांचा ड्रायव्हर, पंचविशीतला पोरगा, मागे टेकून उभा होता. मी त्याला विचारलं, "गार कधी होतो, कधी होत नाही?" तो आधी मालकांकडे बघायला लागला. मालकांनी मान हलवल्यावर म्हणाला, "मामा, पहाटे घरून निघालो की टेंभुर्णीपर्यंत नुसता बर्फ असतो. इंदापूरला चहाला थांबतो, दहा-पंधरा मिनिटं गाडी बंद असते. परत चालू केली की गरम वाफ. मग पार पुण्यापर्यंत तसंच. रात्री परत येताना पुन्हा चांगला चालतो."

माझ्या मते निम्मं काम तिथेच झालं होतं. गॅस कमी असता तर एसी पहाटेही मंदच चालला असता. कॉम्प्रेसर आतून झिजला असता तर रात्री बरा झाला नसता. जी गोष्ट तापल्यावर बंद पडते आणि निवल्यावर चालू होते, ती बहुतेक वेळा विजेची असते. चार गॅरेजांत ही गाडी गेली होती, आणि रोज दहा तास त्या केबिनमध्ये बसणाऱ्या माणसाला कुणीही काही विचारलं नव्हतं.

गाडी मुद्दाम पंधरा मिनिटं बंद ठेवली, मग चालू करून एसीचं बटण दाबलं. ब्लोअरची हवा जोरात, पण गरम. बॉनेट उघडून बघितलं तर कॉम्प्रेसरची पुली पट्ट्यावर फिरत होती आणि तिच्या पुढची क्लच प्लेट जागेवर स्थिर होती. म्हणजे इंजिन पुली फिरवत होतं, पण कॉम्प्रेसर झोपलेला होता. गेज लावले. कमी दाबाचा निळा आणि जास्त दाबाचा लाल, दोन्ही काटे एकाच आकड्यावर, दीडशे पाउंडाच्या जवळ. कॉम्प्रेसर ओढतच नसेल तर दोन्ही बाजूंचा दाब सारखा राहणारच. पण दाब आहे म्हणजे आत गॅस आहे, हेही त्यावरून कळलं.

मग मीटर घेतला. कॉम्प्रेसरच्या वायरीवर १३.४ व्होल्ट येत होते, अर्थिंग ठीक होतं. या एका आकड्याने बटण, थर्मोस्टॅट, रिले, फ्यूज, प्रेशर स्विच असे सगळे संशयित एकदम सुटले. त्या सगळ्यांनी आपापलं काम केलं होतं म्हणूनच करंट दारापर्यंत आला होता. प्लग काढून मॅग्नेटच्या कॉईलचा रेझिस्टन्स मोजला. तापलेल्या अवस्थेत ४.६ ओहम. तुटलेली नव्हती. राहिली एकच शक्यता. हातोड्याचा लाकडी दांडा घेऊन क्लच प्लेटला हलकेच रेटा दिला. टक्. प्लेट चिकटली, कॉम्प्रेसर फिरायला लागला, आणि दोन मिनिटांत आत जाणाऱ्या नळीवर थेंब जमले. फिरत्या पुलीजवळ हात नेण्याचं हे काम घरी कुणी करू नये. बोटं जायला क्षण पुरतो.

कॉम्प्रेसर शाबूत होता. क्लच प्लेट आणि पुली यांच्यात एक बारीक फट असते, साधारण अर्ध्या मिलिमीटरची. करंट आला की मॅग्नेट ती फट ओलांडून प्लेटला ओढून घेतो. लाखो वेळा चिकटून-सुटून दोन्ही पृष्ठभाग झिजतात आणि फट रुंदावते. फिलर गेज घातला तेव्हा इथे ती ०.९५ मिलिमीटर भरली. त्यात तांब्याच्या तारेचा स्वभाव असा की ती तापली की तिचा रेझिस्टन्स वाढतो. हीच कॉईल संध्याकाळी निवल्यावर ३.६ ओहम दाखवत होती. म्हणजे तापल्यावर करंट पाचव्या हिश्शाने कमी, आणि ओढ त्याहून जास्त घटलेली. पहाटे मॅग्नेट कसाबसा प्लेट ओढून घेत होता. एकदा चिकटली की फट उरत नाही, म्हणून चालू असेपर्यंत ती धरूनही राहायची. इंदापूरला गाडी बंद केली की बॉनेटखालची सगळी उष्णता कॉईलमध्ये शिरायची, आणि नंतर मॅग्नेटच्याने प्लेट ओढवत नव्हती.

यावर उपाय काय, तर मधला नट खोलायचा, प्लेट काढायची आणि तिच्यामागे शाफ्टवर बसवलेल्या पातळ चकत्यांपैकी, ज्यांना आम्ही शिम म्हणतो, एक काढून टाकायची. मी अर्ध्या मिलिमीटरची शिम काढली. फट ०.४५ वर आली. या कामात गॅसला हातसुद्धा लागत नाही.

पण गॅसला हात लावावा लागला, कारण तिथे दुसरं दुखणं तयार करून ठेवलेलं होतं. कॉम्प्रेसर चालू झाल्यावर निळा काटा साठावर आणि लाल काटा ३४० वर गेला. हे दोन्ही आकडे जास्त होते. मशीन लावून गाडीतला गॅस काढून घेतला आणि वजन केलं, ७९० ग्रॅम भरला. बॉनेटखालच्या स्टिकरवर कंपनीने छापलंय, ५५० ग्रॅम. चार वेळा "संपलेला" गॅस भरून त्या गाडीत २४० ग्रॅम जादा झाला होता. त्या जादा दाबाने कॉम्प्रेसर फिरायला आणखी जड झाला होता, आणि आधीच ढिला पडलेला क्लच त्या ओझ्याखाली घसरून जास्तच तापत होता. दर वेळी औषध म्हणून जे घातलं, त्यानेच दुखणं वाढवलं.

चाळीस मिनिटं व्हॅक्यूम केला, काट्यावर तोलून ५५० ग्रॅम परत भरला. निळा काटा चाळिशीत, लाल अडीचशेच्या आत. ग्रिलमध्ये थर्मामीटर घातला तर ११ अंश. गाडी बंद करून, पंधरा मिनिटं थांबून, परत चालू केली. टक्. पोरगा आत बसून हसायला लागला.

आता बिलाची गोष्ट. तपासणी ३००, क्लचचं काम ५००, गॅस काढणं-व्हॅक्यूम-वजनाने भरणं ७००. एकूण पंधराशे. मालकांनी कागद बघितला आणि म्हणाले, "मिस्त्री, गॅस तर आमचाच परत घातला. पार्ट एकही नवा नाही. मग पंधराशे कशाचे?"

मला राग आला नाही. त्यांनी अगदी सरळ मनाने विचारलं होतं. ज्या माणसाने चार वेळा दोन-दोन हजार रुपये, नको असलेल्या गॅससाठी, कुरकुर न करता दिले होते, त्याला खरं कारण शोधून देण्याचे पैसे कळत नव्हते. डबा दिसतो, पार्ट दिसतो, शोधणं दिसत नाही. आपल्याकडे दवाखान्यातही असंच आहे. डॉक्टरने तपासून नुसतं पथ्य सांगितलं तर माणूस नाराज होऊन उठतो, आणि सुई टोचली की समाधानाने पैसे देतो.

मी त्यांना विचारलं, "मालक, बोअर घेण्याआधी पाणाड्याला बोलावता ना? नारळ, विडा, वर दक्षिणा देता. पाणी लागेल याची तो हमी देतो का? मी तर मोजून दाखवलंय, तुमच्यासमोर." ते थोडा वेळ गप्प राहिले आणि त्यांनी पैसे दिले. जाताना जुनी शिम खिशात घालून घेऊन गेले.

हे सगळं ज्या गैरसमजातून होतं तो आधी दूर करू. एसीतला गॅस डिझेलसारखा जळत नाही, इंजिन ऑइलसारखा जुना होत नाही. आपल्या घरातला माठ घ्या. माठाच्या अंगावर पाझरलेलं पाणी वाफ होऊन उडतं आणि उडताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. एसीत हेच होतं. डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉईलमध्ये द्रवाची वाफ होते आणि ती केबिनची उष्णता उचलते. फरक इतकाच की माठाचं पाणी हवेत जातं म्हणून माठ रोज भरावा लागतो. एसीत ती वाफ कॉम्प्रेसर ओढून घेतो, दाबतो, रेडिएटरपुढच्या कंडेन्सरमध्ये तिची उष्णता बाहेर टाकली जाते, तिचा पुन्हा द्रव होतो, आणि तोच द्रव ड्रायरमधून, एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक तोंडातून परत कॉईलमध्ये येतो. तेच ५५० ग्रॅम वर्षानुवर्षं फिरत असतात. रबरी होज आणि शाफ्टच्या सीलमधून वर्षाला काही ग्रॅम पाझरतात, हे खरं. त्यामुळे दहा-बारा वर्षांच्या गाडीत गॅस थोडा कमी होणं समजू शकतं. पण मार्चमध्ये भरलेला गॅस मेमध्ये संपला असं कुणी सांगितलं, तर एकतर तो गळतोय किंवा तो संपलेलाच नाही. गळत असेल तर गळती शोधायला हवी, आणि संपला नसेल तर दुखणं दुसरीकडे आहे.

गेज लावून गॅस किती आहे ते कळतं, हाही तसाच एक समज, आणि तो गिऱ्हाइकांपेक्षा आमच्या धंद्यात जास्त आहे. सावलीत उभ्या, थंड इंजिनाच्या गाडीत ४० अंश तापमानाला काटा १३० पाउंडांच्या आसपास दिसतो. आत दोनशे ग्रॅम असो की आठशे. जोवर आत थोडा तरी द्रव शिल्लक आहे, तोवर दाब ठरतो तो तापमानावर. अर्धा भरलेला गॅसचा सिलिंडर आणि पूर्ण भरलेला सिलिंडर यांतली शेगडीची ज्योत सारखीच असते, ते ओळखायला सिलिंडर उचलून बघावा लागतो. म्हणून वजनकाट्याला पर्याय नाही. आणि आमच्याकडे गॅस भरतात तो साडेचारशे ग्रॅमच्या डब्याने, "एक डबा टाकला, अर्धा अजून टाकू" अशा हिशेबाने. तराजू नसलेल्या दुकानातून आपण कांदे तरी घेतो का?

जुन्या पिकअपचा एसी बंद पडण्याची कारणं किती तऱ्हेची असतात, ते आमच्या भागातल्या गाड्यांवरून सांगतो. गळीत हंगाम संपला की उसाच्या फडात फिरलेल्या गाड्या येतात. कंडेन्सरच्या पात्यांत पाचटाचा भुगा, माती, किडे यांचा थर बसलेला असतो. गाडी हायवेला गार करते, पण कारखान्याच्या वजनकाट्याच्या रांगेत उभी राहिली की गरम. पाणी आणि मऊ ब्रश एवढंच औषध. एकदा एक गाडी आली, गेजवर सगळं उत्तम, नळ्या थंडगार, आणि ग्रिलमधून हवा मात्र कोमट. तिच्या हीटर-व्हॉल्व्हची केबल तुटली होती. रेडिएटरचं उकळतं पाणी हीटरच्या कॉईलमधून फिरत होतं, म्हणजे एसीने गार केलेली हवा डॅशबोर्डातच पुन्हा तापत होती. हीटरचा पाइप चिमट्याने दाबून धरला आणि तीन मिनिटांत निदान झालं. काही गाड्यांत वीस मिनिटं छान गार हवा येते, मग हवाच कमी होते, कारण थर्मोस्टॅट बिघडून कूलिंग कॉईलवर बर्फ साठतो. उंदराने कुरतडलेल्या वायरींची तर गणतीच नाही. यातल्या एकाही गाडीला गॅसची गरज नव्हती, आणि प्रत्येकीचा मालक गॅस भरायलाच आला होता.

खरी गळतीही असते, आणि पुष्कळ असते. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेल सगळीकडे फिरतं, त्यामुळे जिथून गॅस निसटतो तिथे तेल पाझरतं आणि त्या तेलावर धूळ बसते. काळसर, चिकट डाग दिसला की बोट तिथेच ठेवायचं. नाही दिसला तर नायट्रोजन भरून दाब द्यायचा आणि साबणाच्या फेसाने एकेक सांधा बघायचा. कित्येकदा निघतं काय, तर वीस रुपयांची ओ-रिंग, किंवा सर्व्हिस पोर्टची पिन, जिच्यावरचं प्लॅस्टिकचं टोपण मागच्या वेळी गॅस भरणाऱ्याने परत लावलेलं नसतं. सगळ्यांत वाईट म्हणजे कूलिंग कॉईलची गळती. त्यासाठी अख्खा डॅशबोर्ड खोलावा लागतो, दिवस जातो. तेव्हा गिऱ्हाईक म्हणतं, "राहू द्या, गॅस भरा, हा उन्हाळा काढू." आणि मिस्त्री भरतो. हे मी समजू शकतो, पैशाची अडचण मलाही माहीत आहे. पण मग मिस्त्रीने ते बिलावर लिहून द्यावं : गळती कूलिंग कॉईलला आहे, दुरुस्त केलेली नाही. पुढच्या गॅरेजात शोधाची सुरुवात पुन्हा शून्यापासून तरी होणार नाही.

या सगळ्यात दोष फक्त गिऱ्हाइकाचा नाही. आमच्या धंद्याची कमाईच डब्यावर आणि पार्टवर चालते. तपासायला एक तास घालवला आणि निघालं काय, तर तुटलेली वायर. त्याचे शंभर रुपये मागितले तरी वाद होतो. डबा भरला तर वीस मिनिटांत हजार सुटतात, आणि एसी महिनाभर बरा वाटला तर आशीर्वादही मिळतो. प्रामाणिकपणे शोधणारा मिस्त्री या हिशेबात उपाशी मरतो. मीही बरीच वर्षं डबेच भरले. २०१५ मध्ये दारावर पाटी लावली, "एसी तपासणी ३०० रुपये". पहिला उन्हाळा कठीण गेला. पाटी वाचून लोक गाडी पुढे काढायचे, तिथे तपासणी फुकट होती. बायको म्हणाली, पाटी काढा. मी काढली नाही. दोन वर्षांनी दुसऱ्या गॅरेजांतून हरलेल्या गाड्या यायला लागल्या, आणि आता तर काही गॅरेजवाले स्वतःच पाठवतात.

हवेत जाणाऱ्या गॅसबद्दल बोललंच पाहिजे. मी १९९६ मध्ये पुण्यात वस्तादांच्या हाताखाली शिकायला लागलो, तेव्हा जुन्या गाड्यांत आर-१२ असायचा. काम करायचं तर व्हॉल्व्ह उघडून सगळा गॅस सोडून द्यायचा, ही पहिली पायरी. वस्तादांनी बाकी मला फार मोठं धन दिलं. ते आधी दोन्ही नळ्या दोन हातांत धरायला लावायचे, किती गरम, किती थंड, ते तोंडाने सांग म्हणायचे, आणि मगच गेजला हात लावू द्यायचे. पण तो गॅस आकाशात वर जाऊन काय करतो, ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी १९७४ मध्येच सांगितलं होतं की हे वायू ओझोनचा थर खातात. १९८७ मध्ये माँट्रियलचा करार झाला, १९९२ मध्ये भारत त्यात गेला. आमच्या गल्लीपर्यंत ती गोष्ट पोचायला आणखी बरीच वर्षं लागली. त्या काळात माझ्या हाताने किती गॅस सोडला असेल, ते आठवलं की आजही वाईट वाटतं.

आता गाड्यांत आहे तो आर-१३४ए. तो ओझोनला धक्का लावत नाही, पण हवा तापवण्यात, शंभर वर्षांच्या हिशेबाने, कार्बन डायऑक्साइडच्या १४३० पट भारी आहे. त्या पिकअपमधले ५५० ग्रॅम हवेत सोडले तर ते सुमारे ७८६ किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं. डिझेलच्या भाषेत सांगायचं तर जवळजवळ २९० लिटर डिझेल जाळल्याएवढं. दर उन्हाळ्यात गळक्या गाडीत गॅस भरणं म्हणजे हे दर उन्हाळ्यात करणं. आणि ज्याचा पीक विमा, ज्याचा बहार, ज्याची विहीर या बिघडलेल्या हवेवर अवलंबून आहे, तो हे स्वतःच्या पैशाने करतोय.

२०१६ मध्ये किगालीला माँट्रियलच्या करारात झालेल्या दुरुस्तीप्रमाणे या जातीच्या वायूंचा वापर कमी करायचा आहे, आणि भारताने २०२१ मध्ये तिला मान्यता दिली. आपल्यासाठी २०२८ पासून वाढ थांबणार, २०३२ मध्ये दहा टक्के कपात, आणि टप्प्याटप्प्याने २०४७ पर्यंत पंच्याऐंशी टक्के. आज शोरूममधून निघालेली पिकअप २०४० मध्येही आमच्या रस्त्यांवर डाळिंब वाहत असेल. तेव्हा तिच्यासाठी गॅस कुठून आणणार आणि किती रुपयांना, याचा विचार आज करायला हवा. मशीनने काढून, गाळून, वजनाने परत घातलेला प्रत्येक ग्रॅम पुढे उपयोगी पडणार आहे.

एसी म्हणजे चैन, ही समजूतही सोडून द्यायची वेळ आली आहे. साडेतीन टनांवरच्या मालट्रकांच्या केबिनमध्ये एसी हवाच, असा नियम केंद्र सरकारने केला आणि तो २०२५ मध्ये नव्या गाड्यांना लागू झाला. मला त्याचा मनापासून आनंद झाला. पण आमच्या भागातल्या पिकअप बहुतेक त्या वजनाच्या खाली येतात, आणि जुन्या गाड्यांना तर तो नियम लागूच नाही. सोलापूर जिल्ह्यात मेमध्ये पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला जातो. इंजिन पायाशी, काच समोर, टप तापलेला. खिडकी उघडली तर झळ आत येते. रात्री माल भरून पहाटे वाशीच्या बाजारात पोचायचं, आणि दुपारच्या उन्हात रिकामी गाडी घेऊन परतायचं. त्या परतीच्या वाटेवर झापड आलेल्या ड्रायव्हरला गार हवा मिळणं हा त्याच्या आणि रस्त्यावरच्या सगळ्यांच्या जिवाचा प्रश्न आहे. मालक महिन्यातून दोनदा त्या गाडीत बसतो, म्हणून एसीचा खर्च त्याला शेवटचा वाटतो.

मला नेमकं काय हवंय ते सांगतो. तालुक्याच्या आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा ट्रेड असतो, पण रस्त्याकडेच्या गॅरेजात काम करणारी पोरं तिथे कधी गेलेली नाहीत, मीही गेलो नाही. त्यांच्यासाठी दर फेब्रुवारीत, उन्हाळ्याच्या आधी, संध्याकाळचा पंधरा दिवसांचा वर्ग घ्या. मीटर, गेज, वजनकाटा, नायट्रोजन, एवढंच शिकवा, आणि जो शिकेल त्यालाच गॅसचे डबे विकत मिळतील असा नियम करा. गॅस काढून घेण्याचं मशीन एकट्या गॅरेजला परवडत नाही. मी जुनं घेतलं तेही कर्ज काढून. चार-पाच गॅरेजांना मिळून एक मशीन घेता येईल असं अनुदान द्या. ट्रॅक्टरच्या अवजारांना मिळतं, मग याला का नको?

मिस्त्रींना माझी विनंती अशी की बिलावर चार ओळी लिहा : आल्यावर दोन्ही काटे किती होते, गॅस किती ग्रॅम निघाला, किती ग्रॅम घातला, काय सापडलं. तपासणीचे पैसे वेगळे लावा आणि न लाजता मागा. गिऱ्हाइकांनी तो कागद मागून घ्यावा. जो देत नाही, त्याच्याकडे वजनकाटा आहे का, ते बघावं. आणि गॅरेजात गाडी पाठवताना ती चालवणाऱ्यालाच पाठवावं.

परवा तीच पिकअप पुन्हा दारात थांबली. मालक नव्हते, एकटा पोरगा होता. उतरता उतरताच बोलायला लागला, "मामा, एसी गार आहे. पण कालपासून डाव्या बाजूला पायाशी पाणी येतंय. वळणावर जास्त येतं. गोड वास नाही, हात लावला तर थंड आहे." म्हणजे रेडिएटरचं पाणी नव्हे, कूलिंग कॉईलचं. गोड वास नाही, हे त्याने आपणहून बघितलं होतं. मी गाडीखाली आडवा झालो, ड्रेन पाइप शोधला आणि त्यात तार घातली. आधी चिखलाचा एक गोळा निघाला, आणि त्याच्या मागोमाग तांब्याभर गार पाणी माझ्या बाहीवर आलं.